सरडे मास्तर

मी बी.एस्सी. झालो, शाळेत शास्त्र शिकवू लागलो, आमच्या घरात पहिल्यांदा टेबल-खुर्ची आली. हे सगळं कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी आधी सरडे मास्तरांचं नाव घेतो आणि मग आईवडिलांचं. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. आमचे दादाच म्हणतात, "आमी तुला जन्म दिला, पन बांधावरून उठवला त्या मानसानं."

'सरडे' हे त्यांचं आडनाव नव्हतं. हजेरीपटावर वेगळं, चांगलं भारदस्त आडनाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उच्चारलं जाई. एरवी साऱ्या तालुक्यात ते सरडे मास्तर. बाहेरगावचं कार्डसुद्धा या नावानं बिनचूक त्यांच्या दारात पडे. "कुणी असं म्हणालं तर मला सांगा, छड्या मारतो," असा धीर एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना दिला. मास्तर म्हणाले, "राहू द्या. सरड्यानं अजून तक्रार केली नाही."

उंच, काटकुळे. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. घरचं वालूरला किराणा दुकान होतं, थोरले भाऊ गादीवर बसत आणि धाकट्याला विसरल्यासारखं करीत. मास्तर हैदराबादेला शिकले, तेही सगळं उर्दूतून. त्यामुळे प्राणिशास्त्र हे त्यांच्या लेखी हैवानियात होतं, आणि मराठीत शिकवतानाही वाक्यावाक्याला 'म्हणजे'च्या जागी 'यानी' आणि 'लक्ष द्या'च्या जागी 'गौर करा' येई. हातात कायम काळी छत्री. ती उन्हातही मिटलेली आणि पावसातही मिटलेली. उघडली की सावली पडते आणि सावली पडली की सरडा खोडाच्या पलीकडे जातो. छत्री दाखवण्यासाठी होती. तिच्या टोकानं ते फांदी दाखवत आणि स्वतः तापत नाहीतर भिजत उभे राहत.

निजामाच्या काळात त्यांच्या नावापुढे 'आरजी' असं लिहिलेलं होतं. राज्य बदललं तेव्हा त्याचं मराठी झालं, 'हंगामी'. शाळेच्या दारावरच्या उर्दू पाटीवर चुना फिरला आणि वर देवनागरी अक्षरं आली, वर्गात राजाचा फोटो होता तिथे नेत्यांचे फोटो आले, पुस्तकं मराठी झाली. मास्तर मात्र होते तसे टेंपररीच राहिले. नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना कायम केलं गेलं नाही. ते का, हेच मला सांगायचं आहे.

मास्तरांचा एकच प्रश्न होता: "पाहिलं की ऐकलं?" तो ते सगळ्यांना विचारत. वर्गात विचारत, बाजारात विचारत, आजाऱ्याला भेटायला गेले तर तिथेही विचारत. एकदा न्हाव्यानं दाढी करता करता सांगितलं की सरडा लांबून बघून माणसाच्या बेंबीतून रक्त ओढतो.

"पाहिलं की ऐकलं?" मास्तर.

"आमच्या मावसभावाचं ओढलं ना."

"मग मावसभावाला बोलवा. बेंबी बघू."

न्हावी म्हणाला, "मास्तर, वस्तरा गळ्यावर हाय. हालू नगा." पण पुढे कितीतरी दिवस मास्तर त्याला रस्त्यात गाठून विचारत, मावसभाऊ आला का. शेवटी न्हाव्यानंच रस्ता बदलला.

शाळेच्या आवारात एक जुना कडुनिंब होता. आठवड्यातून एकदा त्याच्याखाली आमचा 'बघायचा तास' असे. वही न्यायची नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. तासभर बघायचं, मग वर्गात येऊन लिहायचं. ज्यानं पाहिलेलं लिहिलं त्याला शाबासकी मिळे. ज्यानं ऐकलेलं लिहिलं त्याच्या समासात तांबड्या शाईनं तोच प्रश्न येई. माझ्या पहिल्या निबंधात 'सरडा हा अत्यंत विषारी व कपटी प्राणी आहे' असं वाक्य होतं. त्याखाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'विषारी: पाहिलं की ऐकलं? कपटी: तुला काय केलं त्यानं?'

त्या झाडाखाली मी जे शिकलो ते कॉलेजातही कुणी शिकवलं नाही. सकाळी सरडा अंग चपटं करून, काळपट होऊन उन्हाला बसतो, आणि अंग तापलं की फिका पडतो. त्याचा एक डोळा मुंगळ्यावर असतो तेव्हा दुसरा आपल्यावर असतो. पालीसारखी त्याची शेपटी तुटून वळवळत राहत नाही. मृगाच्या आगेमागे नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात, गळ्याखाली काळा डाग येतो, आणि तो फांदीवर जोर काढू लागतो. पुढचे पाय ताठ करून वर, मग खाली, पुन्हा वर. दुसरा नर आला की दोघं समोरासमोर जोर काढतात. हरतो त्याचा लाल रंग बघता बघता उतरतो आणि तो मातकट होऊन खाली निघून जातो. हे सगळं आपल्याला खिजवण्यासाठी चाललं आहे अशी मुलांची समजूत असे, म्हणून ती दगड मारत. ज्यानं दगड मारला त्याला मास्तरांची एकच शिक्षा होती. झाडासमोर ओणवं व्हायचं आणि सरडा जेवढे जोर काढील तेवढे आपणही काढायचे. आमच्या वर्गात तालमीत जाणारा एक दांडगा मुलगा होता. त्याला ही शिक्षा ऐन मृगात झाली. तास संपला तेव्हा तो मातीत पालथा पडला होता आणि वर सरड्याचं चालूच होतं. मास्तर त्याला उठवत म्हणाले, "बाबा, त्याला खुराक नाही, उस्ताद नाही. गौर कर."

मास्तरांच्या घरच्या बाई त्यांना घरी जेवायला वाढायच्याच नाहीत. डबा शाळेच्या गड्याबरोबर झाडाखाली पाठवून द्यायच्या. शेजारणी विचारत, "मास्तर घरात काही बोलतात का वं?" बाई म्हणत, "बोलतात की. पन मी हालले की गप व्हतात."

मला दहावीतून काढायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. दादा बोरीहून, आमच्या गावाहून आले आणि माझी वळकटी उचलून मला घेऊन गेले. घरी माणूस कमी पडत होतं, आणि दादांनी कुठूनतरी ऐकलं होतं की शाळेत पोराला सरडे बघायला बसवतात. त्यांचं म्हणणं, ते घरी फुकटात बघता येतात. पुढच्या रविवारी मास्तर पायी बोरीला आले, थेट शेतात, आणि बांधावर बसले. दादांनी सांगितलं, "मास्तर, चा घ्या अन् निघा. पोरगं न्हाई यायचं."

"बरं," मास्तर म्हणाले आणि बसून राहिले.

दुपार झाली. दादा औत सोडून आले. "काय बघायलात?"

"तुमच्या बाभळीवर एक आहे."

"त्यो रोजच असतो."

"हो. मीही आता रोज येईन म्हणतो."

मास्तरांनी माझ्या हुशारीची तारीफ केली नाही, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. ते बसून राहिले. ऊन कललं तरी बसून राहिले. दादांना औत धरता येईना. सारखं मागे वळून बघत. शेवटी आईच म्हणाली, "त्या मानसाला येक तर जेवू घाला न्हाईतर पोरगं द्या. शेतात असं मानूस बसवून ठिवू नये." दादांनी पोरगं दिलं. जेवणही दिलं. जाताना मास्तर दादांना म्हणाले, "तुमच्या बाभळीवरचा चांगला आहे. त्याला दगड मारू देऊ नका." माझ्याविषयी ते एवढंही बोलले नाहीत.

आता अध्यक्षसाहेबांविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी होते. निजामी होती तेव्हा ते काळी शेरवानी घालत. कुणी हाकीम गावात आला की स्वागताची कमान यांच्या दुकानातल्या कापडाची असे. पोलीस ॲक्शन झाली आणि त्याच आठवड्यात ती शेरवानी टेलरकडे गेली. कापड भारी होतं, टाकवेना. टेलरनं बाह्या काढल्या, कमरेखालचा घेर कापला, आणि खादीच्या सदऱ्यावर घालायचं सुंदर जाकीट तयार झालं. टेलर गावात सांगत फिरे, "कापड तेच, बटनं बी तीच. मी निसतं जादा व्हतं ते काढलं." ज्यांना आदल्या महिन्यापर्यंत लोक 'साब' म्हणत त्यांना आता 'भाऊ' म्हणू लागले. पुढे निवडणुका आल्या तेव्हा भाऊंनी आधी एका पक्षाच्या सभेला सतरंज्या दिल्या, मग दुसऱ्याच्या, आणि निकाल लागल्यावर ज्याच्या सभेला दिल्या नव्हत्या त्याच्याही.

भाऊ काही एकटे नव्हते. नाकेदार, वकील, पोलीस पाटील, सगळ्यांनीच टेलरला त्या वर्षी बरकत दिली. त्यामुळे गावात सरडा हा साधा शब्द उच्चारणं अवघड होऊन बसलं. कुणी सहज 'भिंतीवर सरडा बसलाय' म्हटलं तरी जवळचे दोघं-तिघं टोपीला हात लावून बघत. आणि अशा गावात आमचे मास्तर आठवड्यातून एक तास, उघड्या आवारात, सरडा शिकवत होते.

मास्तरांच्या मनात भाऊ कधीच नव्हते. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्यांच्या मनात सरड्याशिवाय कुणीच नव्हतं. पण भाऊंना ते पटेना. ते मुद्दाम शाळेवरून जात आणि कुंपणाबाहेरून विचारत, "मास्तर, सध्या काय शिकवायलात?"

"सरडा."

"मागच्या महिन्यात बी सरडाच व्हता."

"संपला नाही अजून."

"मांजर घ्या की. गाय घ्या. गाय काय वाईट हाय?"

"गाय मुलांना घरी दिसते," मास्तर म्हणत आणि छत्रीचं टोक पुन्हा फांदीकडे नेत. भाऊंना वाटे, टोक आपल्या जाकिटाकडे आलं.

आणि याच भाऊंच्या हातात मास्तरांचं कायम होणं होतं. निजामाच्या काळातली नोकरी हिशेबात धरायची तर आधी कायमचा हुकूम हवा. हुकूम हवा तर कमिटीची शिफारस आणि इन्स्पेक्टरचा शेरा हवा. हुकूम मिळाला तर म्हातारपणी पेन्शन, नाहीतर वालूरला भावाच्या दुकानाची पायरी. बाईंनी हे मास्तरांना किती वेळा समजावलं असेल. मास्तर मान हलवत. बाई म्हणत, "अशी मान त्यो झाडावरचा बी हालवतो."

त्या वर्षी गॅदरिंगमध्ये भाऊंनी भाषण केलं. त्यांचा एक चुलतभाऊ नुकताच विरोधी पक्षात गेला होता. त्याला उद्देशून भाऊ गरजले, "काही लोक सरड्यासारखे रंग बदलतात. बसतील त्या जागेचा रंग घेतात. अशांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावं." टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मास्तर उभे होते.

"माफी असावी," ते म्हणाले. "सरडा बसल्या जागेचा रंग घेत नाही. तापला, भ्याला किंवा दुसरा नर समोर आला तर त्याचा रंग बदलतो. जागा बघून नाही. मुलांचा गैरसमज होईल." आणि बसले.

मग मागच्या बाजूनं टेलरचा आवाज आला, "मंग जागा बघून कोन बदलतो?" त्यानंतर जे हसू सुरू झालं ते बक्षीस समारंभ संपेपर्यंत मधूनमधून चालूच होतं. मास्तरांना वाटलं, नाटकातल्या विदूषकाला हसत आहेत.

भाऊंनी ठरवलं, याचा सोक्षमोक्ष इन्स्पेक्टरसमोर लावायचा. नव्या मराठी पुस्तकात सरड्यावर एक धडा होता आणि त्यात छापलं होतं की सरडा परिसराप्रमाणे रंग बदलतो. इन्स्पेक्टरसाहेब आले, वर्गात बसले, आणि भाऊंनी आधीच पढवल्याप्रमाणे त्यांनी मला उभं करून विचारलं, "सरडा रंग का बदलतो?"

मी पाहिलं होतं ते सांगितलं. साहेबांनी पुस्तक वर धरलं. "इथं काय छापलंय?"

"साहेब," मागून मास्तर अदबीनं म्हणाले, "छापणाऱ्यानं पाहिलं की ऐकलं?"

इन्स्पेक्टरसाहेब चिडले नाहीत. पण त्यांनाही काही वर्षांपूर्वीपर्यंत गोंड्याची तुर्की टोपी होती, हे भाऊंना माहीत होतं आणि भाऊंना माहीत आहे हे साहेबांना माहीत होतं. त्यामुळे सरडा रंग बदलतो की नाही याबद्दल त्यांनाही घाईनं मत द्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "प्रयोग करू. शास्त्राचा विषय आहे."

प्रयोगासाठी रंगीत कापड हवं होतं, आणि कापड भाऊंच्याच दुकानात होतं. भाऊंची मोठी पंचाईत झाली. सरड्यानं रंग बदलला नाही तर मास्तर खरे ठरतात. बदलला तर सगळं गाव सरड्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघणार. पण साहेबांचा शब्द मोडता येईना. नोकरानं हिरवं, पिवळं, लाल असे तागे आणून कडुनिंबाखाली पसरले. भाऊंना उत्साह दाखवणं भाग होतं म्हणून ते म्हणाले, "तिरंगाच आनू का? तिन्ही रंग येकदमच व्हतील." मास्तर म्हणाले, "झेंड्यावर जनावर ठेवू नये." साहेबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

तालमीतल्या मुलानं गवताच्या काडीचा फास करून नर उतरवला, कमरेला दोरा बांधला. पेठेतले लोक कुंपणाला लागून उभे. हिरव्या ताग्यावर सरडा ठेवला. सरडा तपकिरी. साहेबांनी घड्याळ काढलं. सरडा तपकिरीच. पिवळ्यावर ठेवला, ऊन होतं, तो थोडा फिका झाला. भाऊ पुढे सरसावले, "झाला पिवळा."

"तापलाय," मास्तर म्हणाले. "सावलीत घ्या." सावलीत घेतला तर पुन्हा तपकिरी. लालवर ठेवला तर भीतीनं काळा पडला. कुंपणावरून कुणीतरी म्हणालं, "ह्याला कमिटीवर घेता येनार न्हाई."

भाऊंना राहवेना. ते खाली वाकले, अगदी जवळ, आणि बोटानं सरड्याला ढोसलं. "बदल की रे."

सरड्यानं तोंड उघडलं आणि बोट सोडून जाकिटाची कड धरली. सरड्यानं एकदा धरलं की तो सोडत नाही, हे आम्हाला बघायच्या तासामुळे माहीत होतं, भाऊंना नव्हतं. ते ताठ उभे राहिले. त्यांनी जाकीट झटकलं, सरडा झुलला. गरगर फिरले, सरडाही फिरला. शेवटी ते दमून थांबले तेव्हा तो त्या काळ्या जाकिटावर, छातीशी, स्वच्छ तपकिरी रंगात लटकत होता.

मास्तर दोन पावलं पुढे आले. त्यांनी छत्रीचं टोक जाकिटापासून वीतभर अंतरावर धरलं आणि नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, गौर करा. इथं बसूनही यानं रंग बदललेला नाही."

कुंपण एका बाजूनं मोडलं. ते नंतर शाळेनं दुरुस्त केलं.

साहेबांनी शेरा लिहिला: 'पाठ परिणामकारक. विषय टाळावा.' मग कमिटीची बैठक झाली. मास्तरांनी माफीनामा लिहून द्यावा, म्हणजे शिफारस पुढे जाईल, असं ठरलं. बाईंनी स्वतः दौत-टाक पुढे ठेवला. मास्तरांनी खरोखर मनापासून, भाऊंचं दुःख दूर व्हावं म्हणून लिहिलं. त्याची नक्कल कारकुनानं गावभर केली म्हणून मला ती पाठ आहे:

'मी अध्यक्षसाहेबांना सरडा म्हटलेले नाही व पुढेही म्हणणार नाही. सरडा कपडा पाहून रंग बदलत नाही, हे सर्वांसमक्ष सिद्ध झालेले आहे. सबब ही उपमा अध्यक्षसाहेबांना कोणत्याही प्रकारे लागू होत नाही.'

मास्तरांची बदली झाली. आधी वालूरला, प्राथमिक शाळेवर, भावाच्या दुकानासमोर. मग येलदरीला धरणाचं काम निघालं तेव्हा तिथल्या मजुरांच्या मुलांच्या शाळेवर. दोन्हीकडे टेंपररी. बाई शेजारणीला सांगत होत्या, "तिथं झाडं हायेत का इचारलं. पगार इचारला न्हाई."

मी त्यांना मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला गेलो. मॅट्रिकचा निकाल लागला होता, औरंगाबादच्या कॉलेजसाठी त्यांनीच अर्ज लिहून दिला होता, वसतिगृहाच्या साहेबांना चिठ्ठी दिली होती. मास्तर टपावर चढवलेल्या ट्रंकेकडे बघत म्हणाले, "मादी झाडावरून उतरते, मातीत बीळ करते, अंडी घालते, बुजवते आणि जाते. पुन्हा फिरकत नाही म्हणतात. हे मी ऐकलेलं आहे. दरवर्षी मधेच शेळ्या येतात नाहीतर घंटा होते. तू पाहिलंस तर कळव."

मग क्लीनरनं दार लावलं. खिडकीतून छत्रीचं टोक बाहेर आलं होतं, ते गल्लीच्या वळणावरच्या लिंबाकडे वळलं.

मी पदवी घेऊन त्याच शाळेत लागलो तेव्हा त्यांना पत्र लिहिलं. नक्कल माझ्याजवळ आहे. तीच खाली देतो आणि थांबतो.

तीर्थस्वरूप गुरुजींस, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी आपल्याच जागेवर आलो आहे. खुर्ची तीच आहे, एक पाय नवीन बसवला आहे. कडुनिंब आहे. अध्यक्षही तेच आहेत. जाकीट विटलं म्हणून त्यांनी ते नातवाला लहान करून दिलं, टेलर म्हणतो की अजून दोन वेळा निघेल. माझ्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, सरड्याचा धडा घेणार का. मुख्याध्यापकांनी मला खुणेनं 'नाही म्हणा' सांगितलं. दादा घरून येऊन बाहेर पायरीवर बसले होते. मी सांगितलं, घेणार. अध्यक्षसाहेबांनी मला टेंपररी म्हणून घेतलं आणि म्हणाले, "झाड शाळेचं हाय, पन त्याच्यावरच्याला माज्या दुकानाच्या बाजूला बसवू नगा."

गुरुजी, मादी पाहिली. हुतूतूच्या मैदानाच्या कडेला भुसभुशीत माती आहे तिथं ती उतरली. पुढच्या पायांनी उकरून तिनं बीळ केलं, मागच्या बाजूनं आत गेली, नुसतं डोकं बाहेर ठेवून बसली. अंडी घातली, माती लोटली आणि वरून नाकानं दाबली. दाबताना आमच्याकडे बघत होती, पण थांबली नाही. वर्गातली मुलं हलली नाहीत. शेळ्या आल्या होत्या, त्या दादांनी हाकलल्या. ते आता रविवारी येतात आणि तिथं बसतात. आईला सांगतात, मास्तरांचं काम हाय.

ती परत आलेली मी पाहिली नाही. मी वर्गात असताना किंवा रात्री आली असेल तर मला माहीत नाही, म्हणून 'येत नाही' असं लिहीत नाही. पावसाची उघडीप पडली तेव्हा माती फुटली आणि पिलं निघाली. अंगावर फिके पट्टे होते. निघाली तशी एकेक करून झाडावर गेली. कुणी वाट दाखवली नाही. अध्यक्षसाहेब कुंपणाबाहेर उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्यांचा रंग कोनता म्हनायचा?" मी त्यांना आत यायला सांगितलं. ते आत आले आणि थोडा वेळ मुलांमध्ये बसले. हलले नाहीत.

येलदरीला पाणी अडेल तेव्हा तिथली झाडं बुडतील, तर त्यावरचे सरडे काय करतात हे आपण बघालच. दादा आपल्याला नमस्कार सांगतात आणि विचारतात, कधी बांधावर येता.

इथं बोलतात की आपला कायमचा हुकूम निघाला. मुख्याध्यापकांनी मला पेढा दिला, तो मी अजून खाल्लेला नाही. हे मी ऐकलं आहे. आपण डोळ्यांनी पाहिला असेल तर दोन ओळी लिहाव्या.

आपला विद्यार्थी